दिवसातून तीन गोळ्या

दुसऱ्यांदा दिवस गेले त्या वर्षी धरणात नुसता गाळ उरला होता. गावात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. मी बायकांच्या दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायची. नववा महिना लागला आणि लघवीच्या जागी फोड आले. लग्नानंतर एकदा असेच आले होते. उन्हाळी समजून मी कुणाला बोलले नव्हते. या खेपेला पोटात बाळ होतं. एसटीनं अंबाजोगाई गाठली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासून म्हणाल्या, "हा हर्पिस आहे. विषाणू अंगात राहतो, मधूनमधून उठतो. तुमचा जुना दिसतोय, त्यामुळे बाळाला धोका कमी. पण कळा सुरू झाल्यावर फोड असले तर सिझर करावं लागेल. आजपासून बाळंतपणापर्यंत गोळ्या घेतल्या तर बहुतेक टळेल."

"गोळ्यांनी बाळाला काही होईल का?"

त्यांनी दोन पाकिटं पुढे ठेवली. "ही असायक्लोविर. गरोदर बायकांना कितीतरी वर्षं देतोय, बाळाला अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. पण दिवसातून तीनदा घ्यायची. ही दुसरी नवी, दोनदा पुरते. तीही चालते, फक्त हिचा अनुभव थोडा कमी. नेमानं कुठली जमेल?"

"जुनीच द्या. तीनदा घेईन."

"पाणी भरपूर प्या. आणि नवऱ्याला घेऊन या, हा नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो."

पाण्याचं ऐकून मला हसूच आलं.

घरी गोठ्यात नवरा धार काढत होता. सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले.

"मला हाय ते. लग्नाच्या आधीपासून. सांगायची लाज वाटली."

"आन् मी भोगलं ते?"

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "चल, डॉक्टरला माझंबी दाखवू." तिथं त्यानं खाली मान घालून का होईना, सगळं विचारलं. येताना एसटीत मी त्याच्या शेजारी बसले.

सकाळची आणि संध्याकाळची गोळी दूध घ्यायच्या वेळेला आठवायची, दुपारची राहून जायची. मग तो दुपारी संस्थेत येऊन उभा राहायचा. अध्यक्षीणबाईंनी एकदा पाकीट पाहिलं.

"कशाच्या गं?"

"बाळासाठी हायत. पाणी लई प्यायला सांगितलंय."

त्यांनी पुढं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला येणारी एकेक बाई माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणू लागली.

कळा लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बॅटरी धरून नीट पाहिलं. "एकही फोड नाही. होऊ द्या नॉर्मल." दुपारी मुलगी झाली, खणखणीत रडली.

ती रांगायला लागली त्या सुमारास संस्थेतल्या एका बाईच्या गरोदर सुनेनं मला कोपऱ्यात बोलावलं. "ताई, मला खाली फोड आलेत. कुणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीत मी तिच्या शेजारी बसले होते.