सोआझिकचा पत्ता
मी होड्यांवर नावं रंगवतो. पण गेल्या तेरा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा रंगवलेला मजकूर कुठल्याच होडीवर नाही: ‘एरवान, मी टेकडीवर, बराक बेचाळीस. सोआझिक.’

महायुद्धात, त्रेचाळीसच्या बाँबफेकीत, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं आमचं लोरियां भुईसपाट झालं, तेव्हा सोआझिकचा नवरा एरवान समुद्रावर होता. गावच रिकामं केलं. लढाई संपल्यावर परतून तात्पुरत्या लाकडी बराकींत राहिलेल्यांनी आपापल्या उरल्यासुरल्या भिंतींवर खडूनं नवे पत्ते लिहिले, चुकलेली माणसं सापडावीत म्हणून. ते पावसानं पुसले. सोआझिक तेवढी माझ्याकडे आली. “खडू नको, लुकाझ. होडीचा रंग लाव.”

तिला नाही म्हणणं मला तिच्या लग्नाआधीही जमलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं, बहुधा एरवानलाही.

दर वसंतात होड्यांबरोबर तिची भिंतही रंगवायची. बंदरावरचे विचारत, “काय रे, ही भिंत पाण्यात कधी सोडतोस?” रविवारी ती माझ्याकडे मासळीचं कालवण जेवायला येते. समोरासमोर बसून आम्ही एरवानबद्दल बोलतो.

यंदा भिंत पाडायची ठरली. तिला नव्या इमारतीत घर मिळालं, पण ती बराक सोडेना.

“त्याला तिसरा मजला कोण सांगणार?”

माझा तोल गेला. “अगं, ज्या जहाजावरून गावाला नाव पडलं, तेही परतलं नाही! इथंच बांधलं, कामगार त्याला नुसतं ‘लोरियां’, म्हणजे ‘पूर्व’, म्हणायचे. पूर्वेकडून येताना बुडालं ते. कोण थांबलंय त्याच्यासाठी?”

“नाव ठेवलंच ना गावानं?” ती म्हणाली. “पुसलं का कुणी?”

 मी रंगाचा डबा उचलला.

ओहोटीला धक्क्याच्या दगडांवर, समुद्राकडे तोंड करून, मी मोठ्या अक्षरांत काढलं: ‘एरवान, मी नव्या इमारतीत, तिसरा मजला, डावं दार. सोआझिक.’ ब्रश पुसायला घेतला.

“थांब,” ती म्हणाली. “अजून एक ओळ हवी. रविवारी लुकाझकडे.”

“हे कशाला?”

“मग? रविवारी आला, तर दारातून परत जाईल तो.”

उभ्या जन्मात मी स्वतःचं नाव कुठं रंगवलं नव्हतं. अक्षरं वाकडी आली. ती पुसून पुन्हा काढायचा धीर मला झाला नाही.