गाड्यांच्या रांगेत पायी

बेव्हर्ली क्रॅबट्री संतापली की तिची जीभ मधाळ व्हायची. हॅलिफॅक्समध्ये हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बँकेच्या काउंटरवरून ती एखाद्या गिऱ्हाइकाला "माफ करा हं, माझंच ऐकायला चुकलं असेल, पुन्हा एकदा सांगाल का?" असं म्हणाली की शेजारच्या बायका मान खाली घालून कामाला लागायच्या, आणि गिऱ्हाईक शहाणं असेल तर मुकाट्याने काढता पाय घ्यायचं. यॉर्कशरमधल्या त्या चढउतारांच्या गावात आवाज चढवणं म्हणजे स्वतःचंच हसं करून घेणं. राग आला तर तो कपबशीतून, बिस्किटासकट द्यायचा. घेणाऱ्याला बरोबर कळतं.

टेक्सासात कोणाला कळेना. बेव्ह तिथे उन्हाळाभर संतापत होती आणि उन्हाळाभर लोक तिच्यावर खूश होत होते. नळ दुरुस्त करणारा तीनदा सांगून आला नाही, तेव्हा तिने त्याला फोनवर म्हटलं, "तुम्हाला एवढी तसदी द्यायला मला खरंच संकोच वाटतो." तो म्हणाला, "वा मॅडम, काय बोलता हो तुम्ही! ऐकतच राहावंसं वाटतं." आणि चौथ्यांदाही आला नाही. आता अशा माणसाचं काय करायचं?

तिचा नवरा कॉलिन पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. कंपनीने त्याला डॅलसच्या बाहेरच्या एका वसाहतीत धाडलं, म्हणून हे तिघं तिथे. कॉलिनला अमेरिका पहिल्याच आठवड्यात मानवली. त्याने अंगणात भलीमोठी शेगडी आणून ठेवली, टोपी घेतली, आणि कशालाही "इथे असंच असतं" म्हणायला शिकला. घर मात्र बेव्हने निवडलं, आणि ते एकाच कारणासाठी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचा झेंडा दिसत होता. शाळा हाकेच्या अंतरावर. म्हणजे मुलीला, मेबलला, चालत आणता येईल.

ह्या चालण्यावर बेव्हचा किती जीव होता, हे सांगायला हवं. मेबल नऊ वर्षांची. समोर बसवून काही विचारलं तर तिच्याकडे एकच उत्तर, "काही नाही." शाळेत काय झालं? काही नाही. का रडलीस? काही नाही. पण तिला रस्त्याला लावा, शेजारी चाला, तिच्या तोंडाकडे बघू नका, की नळ सोडल्यासारखं सगळं बाहेर यायचं. कोणी कोणाला ढकललं, कोणत्या बाई उगाच ओरडल्या, कोणाच्या आईबाबांचं बिनसलंय. हॅलिफॅक्सला शाळेच्या फाटकापासून घरापर्यंतचा चढ चढता चढता बेव्हला आपली मुलगी कळायची. त्यासाठी तिने बँकेत अर्धवेळ काम घेतलं, बढती घालवली, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. अमेरिकेत आल्यापासून मेबलची गाडी "काही नाही"च्या पुढे सरकली नव्हती. बेव्ह शाळा सुरू होण्याची वाट बघत होती. एकदा चालायला लागू दे, मग बोलेल.

शाळेच्या पहिल्या दिवशी दुपारी ती टोपी घालून निघाली. फूटपाथ चर्चपर्यंत होता, तिथे तो कोणीतरी कंटाळून सोडून दिल्यासारखा संपला, आणि पुढे गवत. गवतातून जाताना दोन गाड्या थांबल्या आणि बरं आहे ना, म्हणून विचारून गेल्या. शाळेपाशी पोचली तर फाटकाशी एक आई नाही, एक बाप नाही. फक्त गाड्यांची रांग, पार मुख्य रस्त्यापर्यंत गेलेली.

ब्रिटिश माणसाला रांग दिसली की तो काय करतो? शेवट शोधतो आणि उभा राहतो. बेव्ह चालत चालत शेवटच्या गाडीमागे गेली आणि उभी राहिली. तिच्यामागे एक पिकअप येऊन थांबला. रांग दोन पावलं सरकली, बेव्ह दोन पावलं सरकली. मागच्या माणसाने काच खाली केली.

"काय हो मॅडम, गाडी बंद पडली का?"

"नाही, नाही. मी रांगेत आहे."

"कसल्या रांगेत?"

"ह्याच. ती पांढरी गाडी माझ्या पुढे, तुम्ही माझ्या मागे."

त्याने टोपी वर सारून तिला नीट पाहून घेतलं. "आत येऊन बसता का? एसी चालू आहे."

"आभारी आहे. पण मग माझा नंबर जाईल."

ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना इंजिनं घरघरत होती. बेव्हने रांग सोडली नाही. शेवटी तिचा नंबर आला तेव्हा समोर डार्लीन उभी होती, शाळेची कर्मचारी, हातात वॉकी-टॉकी, अंगात केशरी जाकीट. प्रत्येक गाडीच्या काचेला लावलेल्या कार्डावरचा आकडा वाचायचा, वॉकी-टॉकीत ओरडायचा, की ते मूल बाहेर येतं, असा रिवाज.

"हनी, तुझी गाडी कुठाय?"

"गाडी नाही. मी चालत आलेय. ती दारात उभी लाल दप्तरवाली माझी मुलगी."

"असेल गं. पण गाडीशिवाय मी मूल नाही देऊ शकत."

"ती मला दिसतेय. मी तिला दिसतेय. मधे फक्त तुम्ही आहात."

"सुरक्षिततेसाठी असतं हे. सगळ्या गाड्या जाऊ देत, मग ऑफिसातून घेऊन जा."

बेव्हने श्वास आत घेतला. "मी तुम्हाला फारच त्रास देतेय. मला क्षमा करा." हॅलिफॅक्समध्ये एवढ्यावर डार्लीनचे पाय लटपटले असते. डार्लीनने छातीवर हात ठेवला. "अगं बाई! काय गोड बोलतेस! राजवाड्यातून आल्यासारखी वाटतेस."

शेवटची गाडी जाईपर्यंत बेव्ह गवतात उभी राहिली. मेबल बाहेर आली ती दमून, तोंड लाल करून, सगळ्यांत शेवटी. कशी होती शाळा? काही नाही. आणि ती पुढे चालू लागली, आई मागे.

हे रोजचं झालं. बेव्ह मुख्याध्यापकांना भेटली. त्यांनी तिला थंड पाण्याची बाटली दिली आणि हसून सांगितलं, "आमच्याकडे चालत येणारे पालकच नाहीत, म्हणून तशी सोय नाही."

"मी आहे ना."

"हो, म्हणजे तुम्ही सोडून."

तिने त्यांचे आभार मानले. रस्ताभर ती दात-ओठ खात आली.

"दुसरी गाडी घेऊन टाकू ना," कॉलिन म्हणाला. "इथे असंच असतं, बेव्ह."

"खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीत जायला गाडी? उद्या अंघोळीला जायलाही एक घे."

"अगं, रीत असते एकेका गावाची."

"तुम्ही अगदी बरोबर बोलताय, कॉलिन साहेब. चहा टाकू का आपल्यासाठी?"

कॉलिन हॅलिफॅक्सचाच. तो उठला आणि मुकाट्याने अंगणात शेगडी घासायला गेला.

दुसऱ्या दिवशी बेव्हने शाळेने काचेला लावायला दिलेलं ते कार्ड काढलं, त्यात बुटाची नाडी ओवली, गळ्यात घातलं आणि हनुवटी वर करून रांगेत उभी राहिली. तुम्हाला रांग हवी, ही घ्या रांग. कार्ड हवं, हे घ्या कार्ड. नियम इतका तंतोतंत पाळायचा की नियम घालणाऱ्यांनाच लाज वाटेल, असा तिचा हिशेब. डार्लीनने तिला पाहिलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आकडा ओरडली, वर "पायी बरं का!" असंही ओरडली, आणि मेबलला सोडलं. बेव्हला वाटलं, आपण जिंकलो.

कसलं जिंकलो! डार्लीनने तेवढ्यात फोटो काढला होता. संध्याकाळपर्यंत तो शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर, खाली "आमची लाडकी ब्रिटिश मम्मी", आणि त्याखाली लोकांनी पाठवलेल्या लाल बदामांचा पाऊस. पुढच्या दुपारी गाड्यांतून लोक हात हलवू लागले, हॉर्न वाजवू लागले. पिकअपवाल्याने तर उतरून हातात हात घेतला. बेव्हच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं, दगड मारला असता तरी चाललं असतं. ती भांडायला आली होती आणि ह्यांनी टाळ्या वाजवल्या.

डार्लीनने आकडा पुकारला. दारात उभी मेबल हलली नाही. पुन्हा पुकारला. मेबल डार्लीनपाशी आली, तिला काहीतरी म्हणाली, आणि वळून शाळेत गेली.

"हनी," डार्लीन ओशाळून म्हणाली, "ती म्हणते, आईबरोबर नाही जायचं. बाबा गाडी घेऊन येईपर्यंत ऑफिसात बसते म्हणते."

आणि बेव्ह क्रॅबट्री ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा, उघड्यावर, परक्यांसमोर, घसा फाटेपर्यंत. "माझी मुलगी आहे ती! रोज उन्हात तासन्‌तास उभी करता मला! तुमच्या त्या कार्डाला लावा आग! माझी पोर मला द्या!"

रांगेतल्या काचा भराभर खाली आल्या. डार्लीनचा वॉकी-टॉकी हातातच राहिला. ती एक पाऊल मागे सरली आणि बेव्हकडे असं बघू लागली, जणू ही बाई तिला आज पहिल्यांदा भेटत होती.

"अगं, तू चिडली होतीस होय?"

"ऑगस्टपासून!"

"मग बोलायचंस ना, बाई!"

"बोलतच तर होते!"

डार्लीनने आपली मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाली, "आता नियमाचं राहिलंच नाही गं. तुला आत्ता दिली असती मी. पण पोरच नको म्हणतेय."

बेव्ह एकटी घरी आली. मेबल संध्याकाळी कॉलिनच्या गाडीतून उतरली, जेवली, ताट उचललं. काय झालं गं? काही नाही. बेव्हला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. डार्लीनचा, कॉलिनचा, त्या पानावरच्या बदामांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. मुलीशी बोलायला मिळावं म्हणून एवढा खटाटोप, आणि आपणच मुलीच्या तोंडाला कुलूप घालून बसलो.

सकाळी तिने कॉलिनला कामावर सोडलं आणि गाडी ठेवून घेतली. दुपारी इतरांसारखी रांगेत लागली, एसी लावून, कार्ड काचेला अडकवून. डार्लीनने तिला पाहिलं आणि दार उघडून धरलं. मेबल मागे बसली, पट्टा लावला आणि खिडकीबाहेर बघू लागली. डार्लीनने दार लावलं. झालं. इतकं सोपं होतं. घर यायला गाडीला किती वेळ लागणार? दप्तर मांडीवरून खाली ठेवायलाही पुरणार नाही.

बेव्हने चर्चच्या आवारात गाडी वळवली आणि इंजिन बंद केलं.

"उतर."

"का? घर नाही आलं."

"उतर म्हटलं ना."

"लोक बघतील."

"सगळे तिकडे रांगेत अडकलेत. इथे झाडाखाली कुत्रंसुद्धा नाही. चल."

मेबल उतरली, दार आपटलं आणि आईच्या पुढे चालू लागली. बेव्ह तिच्या बरोबरीला आली, पण तिच्याकडे बघितलं नाही. चार घरं गेली. काही नाही. आणखी चार गेली. एका कुंपणाशी मेबलने पडलेल्या फांदीला लाथ मारली.

"मला कोणी विचारलं होतं का?"

बेव्ह चालत राहिली.

"बाबांना नोकरी मिळाली. तुला घर मिळालं. मला विचारलंत का, मेबल, जायचं का म्हणून? जेवताना माझ्याशेजारी कोणी बसत नाही. डब्यात बीन्स बघून सगळे नाक दाबतात. तरी मी गप्प बसले होते. गप्प बसलं की विसरतात. आणि मग तू येतेस गळ्यात पाटी घालून! जत्रेतल्या माकडासारखी! आता सगळ्यांना माहितीये मी कोणाची मुलगी ते!"

"मी तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी नाही! तुला राग आला होता म्हणून!"

रस्त्यावर, भर दुपारी, पोरगी घसा ताणून ओरडत होती. बेव्हच्या जिभेवर उत्तर आलं होतं. चांगली दोन-तीन उत्तरं आली होती. तिने सगळी गिळली. एकेक शब्द कानाखाली बसत होता, आणि ह्याच शब्दांसाठी ती गेले कित्येक दिवस तळमळत होती. हे असं असेल, तर असं. हीच तिची मुलगी, आणि ती बोलत होती.

मेबल थांबली नाही. शिपायापासून मैदानापर्यंत सगळे तिच्या तावडीत सापडले. उकाड्याला तिने शिव्या घातल्या, आजीला मागे सोडून आलो म्हणून आईला बोल लावले. बोलता बोलता घराचं दार आलं तरी तिला भान नव्हतं.

"आणि वर्गातली ती ब्रिन्ली आहे ना, ती तर—"

बेव्हने किल्ली कुलपाला लावली होती. दार उघडलं की आत थंड हवा, मेबलची खोली, आणि बंद दार. तिने किल्ली काढून पुन्हा खिशात टाकली.

"गाडी चर्चपाशीच राहिली गं," ती म्हणाली. "आणायला हवी. येतेस?"

मेबलने डोळे वटारून तिच्याकडे पाहिलं. "चालत?"

"मग काय उडत?"

मेबलने दप्तर पायरीवर फेकलं. "ती ब्रिन्ली काय म्हणाली सांगू? सांगू का तुला?"

"सांग," बेव्ह म्हणाली, आणि तिच्याकडे न बघता तिच्या शेजारून चालू लागली.