बगीच्यातली गळ

मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मला शब्दांच्या पाठी लागायची खोड आहे. एखादी संज्ञा फळ्यावर लिहिली की ती आली कुठून, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पोरं वैतागतात. "मॅडम, हे पेपरात येते का?" नाही येत बाबांनो, पण ऐका. स्टेमेन म्हणजे लॅटिनमध्ये मागावरचा धागा, आपण त्याला पुंकेसर म्हणतो. पोलन म्हणजे बारीक पीठ. पीठ म्हटलं की मागच्या बाकावरची झोप उडते.

त्या वर्षी मात्र फूल शिकवताना माझीच पंचाईत झाली. फुलाच्या मधोमध, परागकण येऊन चिकटतात त्या टोकाला इंग्रजीत स्टिग्मा म्हणतात. मूळ ग्रीक, तापल्या सळईनं दिलेला डाग. मराठीत त्याच जागेला कुक्षी. कुक्षी म्हणजे कूस. एवढ्याशा जागेत त्यांना डाग दिसला, आपल्याला कूस दिसली. हे मी दर वर्षी मोठ्या हौसेनं सांगायची. त्या दिवशी सांगता सांगता खडू ठेवला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. मला दिवस गेले होते. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही तिसऱ्या महिन्यात गेली होती, आणि हे राहिलं नाही तर पुन्हा हिंमत करायची नाही, असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, दोघांतही त्राण उरलं नव्हतं.

उपचार अकोल्याला, कारण माहेर तिथे. बडनेऱ्याहून गाडी धरायची, आईच्या हातचे दोन घास खायचे आणि डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसायचं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. "कारण काही सापडत नाही," हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या, की मला त्यांचं टेबल उलथवावंसं वाटायचं. अहो, झाडाच्या फुटकळ भागालासुद्धा नाव आहे, त्या नावाला कूळ आहे, आणि माझ्या पोटातलं लेकरू का जातं याला एक शब्द नाही? या वेळी सोनोग्राफी करताना त्या म्हणाल्या, "प्लासेंटा नीट बनतेय." प्लासेंटा म्हणजे वार, लॅटिनमध्ये चपटी पोळी. फुलातही असते ती, बीजांडं जिथे जोडलेली असतात तिथे. मी पडल्या पडल्या त्या पोळीला हात जोडले. बाई गं, करपू नको.

सासर चांदूर बाजारकडचं, तिथूनच मी रोज एसटीनं कॉलेजला ये-जा करते. एसटीच्या वाटेवरच संत्र्याचा बगीचा आहे आणि तो सासूबाईच बघतात. मी त्यांना आई म्हणते. उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईस्तोवर ताण द्यायचा, मग पावसाबरोबर झाड फुलून येतं, तो मृग बहार. आमच्या घरी बोलणं कमी आणि तेही रोखठोक. दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता बगीच्यात येऊ नको."

"काहून?"

"येऊ नको म्हणलं ना."

झालं! माझ्या डोक्यात भुंगा शिरला. जिचं पोट टिकत नाही तिची सावली बहारावर पडू नये, असं गावातल्या बाया बोलतात, ते माझ्या कानावर होतंच. शिकलेल्या बाईनं असलं काही मनावर घेऊ नये म्हणे. घेऊ नका बरं तुम्ही, जमतं का बघा! कॉलेजातून आल्यावर मी बगीच्यात एक फेरी मारायची, तेवढाच जीव हलका व्हायचा. तीही गेली. सासूबाई मात्र उजाडायच्या आत तिकडे जायच्या आणि माझ्या एसटीच्या वेळेला कंबर धरून परत यायच्या. नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या आईले वाटते मी झाडं नासवीन."

"काहीही बोलून राहिली तू," तो म्हणाला आणि पांघरूण ओढून घेतलं.

तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती, तेव्हा मला कळलं. पहिल्या दोन वेळेस कळलं होतं तसंच. एक चिमुरडा उंबऱ्यात बैल घेऊन उभा, मी त्याच्या हातावर खाऊ ठेवला आणि आत जाऊन मोरीत बसले. अकोल्याला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. "कारण..." डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली. मी म्हटलं, "राहू द्या."

माहेरून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच उठले. रडून रडून रिकामी झाले होते, आता नुसता संताप होता. म्हटलं, पडू दे सावली. नासू दे सगळा बहार. मी तरातरा बगीच्यात गेले.

सासूबाई झाडाखाली वाकून काही वेचत होत्या. बहाराला गळ लागली होती; सगळ्या झाडांखाली लिंबाएवढी हिरवी फळं पडली होती, चिखलात अर्धी रुतलेली. ती टोपल्यात भरायची आणि लांब कोपऱ्यातल्या खड्ड्यात नेऊन बुजवायची, असं त्यांचं चाललं होतं. मला पाहून त्या दचकल्या आणि टोपल्यावर पदर ओढला.

"तू कायले आली? अजून उचललं नाही ना म्या सगळं!"

मला आधी समजलंच नाही. मग मी तिथेच बांधावर बसले.

"आई, रोज?"

"मंग? तुह्या डोयापुढं पडू द्याचं काय हे?"

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मग त्यांनी एक फळ हातात घेऊन त्याचा देठ अंगठ्यानं चोळला आणि विचारलं, "तुमच्या पुस्तकात काय सांगते, झाड काहून सोडते?"

खोड जाते थोडीच. मी सांगू लागले. देठापाशी झाड स्वतःच एक पातळ थर तयार करतं, फळ तिथून सुटतं. त्याला ॲब्सिशन म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ कापून टाकणं. इथवर आले आणि बांध फुटला. "म्हणजे झाडच कापतं, आई! मीच कापलं असन!"

त्यांनी मातीच्या हातानं माझं तोंड धरलं. "कापलं म्हंते! अवं, ज्यानं हे नाव ठेवलं, त्याचं कधी काही पडलं नसन."

दुसरं टोपलं नव्हतं. मी ओढणीत फळं वेचायला लागले. त्या दिवशी माझी एसटी चुकली.

हिवाळ्यात तो धडा आला. ॲब्सिशन लिहून मी पुढच्या मुद्द्यावर गेले, तर पहिल्या बाकावरून हात वर आला. "मॅडम, हा कुठून आला ते नाही सांगितलं?"

"चुकीचा शब्द आहे," मी म्हटलं. "लिहून घ्या अन् पुढे चला."