कांबळे मॅडमनी वाचलेला 'जी'

वाशीतली एक छोटी रक्तपेढी, नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं, रविवारची सकाळ. आमच्या कंपनीचं नवं सॉफ्टवेअर तिथे बसवायचं होतं आणि मी फ्लॉपी खिशात घालून हिरोसारखा हजर...

सोबत आमच्या सीनियर, कांबळे मॅडम. पूर्वी छापखान्यात प्रुफं तपासायच्या, मग कॉम्प्युटर शिकून आमच्याकडे आल्या. फायनल झालेल्या प्रत्येक फाईलचा हॅश त्या डायरीत पेनाने उतरवून ठेवायच्या. हॅश म्हणजे फाईलवरून कॉम्प्युटरने काढलेली बत्तीस अक्षरी खूण... आत एक आकडा जरी बदलला तरी अख्खी खूण बदलते.

बसवण्याआधी ती खूण पुन्हा काढायची. मग एकाने डायरीतून वाचायचं, दुसऱ्याने स्क्रीनवर ताडून बघायचं. छापखान्याची सवय! मला भयंकर कंटाळा यायचा.

"मॅडम, नाव तेच, साईझ तीच. कशाला टेन्शन घेता?"

"एका नावाची चार माणसं असतात रे. तू बघ, मी वाचते."

त्या वाचत गेल्या आणि मी खिडकीबाहेर बघत "हो... हो..." करत गेलो. शेवटचं अक्षर झालं, मी एंटर मारायला बोट उचललं...

"थांब. मधे मी 'जी' वाचला. त्यालाही हो म्हणालास."

त्या खुणेत शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. 'जी' येतच नाही! ऐकणारा जागा आहे ना हे बघायला त्या मुद्दाम एक चूक पेरायच्या.

आता स्क्रीनवरून मी वाचायला लागलो, डायरी त्यांच्यासमोर. पहिलंच अक्षर जुळेना. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला... मी माझी टेस्टिंगची फ्लॉपी आणली होती!

रक्ताची पिशवी पस्तीस दिवस चालते. टेस्टिंगसाठी मी फाईलमधल्या त्या आकड्यात तीनचा आठ केला होता, म्हणजे पंच्याऐंशी. म्हणून तर साईझ तीच. ते बसलं असतं तर मुदत संपलेलं रक्त कॉम्प्युटरने बिनदिक्कत चालवून घेतलं असतं... आणि ते कुणाला तरी चढलं असतं.

रिक्षाने ऑफिस गाठलं, बरोबर फ्लॉपी आणली. या वेळी बत्तीसच्या बत्तीस अक्षरं डोळे फाडून बघितली. मॅडम साहेबांकडे एक शब्द बोलल्या नाहीत. खाली उतरल्यावर मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "झोप पुरी करत जा."

धन्य त्या बाई! त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आता हे सगळं ताडून बघायचं काम कॉम्प्युटर स्वतःच क्षणात करतो. पण मीटिंगमध्ये कुणी न ऐकता "हो, हो" करायला लागलं, की मी अजूनही मधेच एक 'जी' टाकून बघतो...