आक्कांनी उतरवलेल्या बांगड्या

दापोड्यातल्या आनंदीबाईंना सगळा गाव आक्का म्हणतो. गोदामात माल चढवणाऱ्यांना त्या तांदळाच्या भाकऱ्या करून देतात. सारा जन्म चुलीपुढे गेलेला, त्यामुळे कुणाला भाजलं, पोळलं की पहिली हाक त्यांनाच. पण नवरा गेल्यापासून एक गोष्ट त्या पाळत आल्या होत्या: नव्या नवरीच्या हाताला हात लावायचा नाही. तसं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. हळदीचं बोलावणं यायचं बंद झालं, त्यातून काय ते त्या समजल्या.

त्या सकाळी शेजारच्या कमळच्या घरातून किंकाळी आली. कमळच्या सुनेच्या, भाविकाच्या हातावर भाकरीच्या उकडीचं आधण कलंडलं होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. आक्का पोचल्या तेव्हा कमळ टूथपेस्ट घेऊन धावत होती.

"ठेव ती तिकरं! पोरीला दात न्हाय घासायचं," म्हणत आक्कांनी मोरीतला नळ सोडला. "हात धर खाली, बाय. धरूनच ऱ्हा."

बराच वेळ झाला तरी त्या नळ बंद करू देईनात.

"आक्का, टाकी रिकामी व्हईल," कमळ रडवेली होऊन म्हणाली.

"होऊ दे. तुझा लडकू भरंल. बायको त्याचीच हाय ना?"

भाविकाला रडतारडता हसू आलं.

भाजलं होतं मनगटाच्या जरा वर. त्याला लागूनच लग्नातल्या हिरव्या बांगड्या गच्च बसलेल्या. अजून सूज आली नव्हती, पण येणार होती. आक्कांच्या स्वतःच्या मनगटावर पांढरट वळ आहे. त्या नवरी असताना भाजल्या, तेव्हा लग्नाचा चुडा म्हणून कुणी बांगड्या काढू दिल्या नाहीत. हात सुजला, काच रुतली. करंगळी अजून नीट वळत नाही.

"कमळ, बांगड्या काढ हिच्या. सूज यायच्या आत."

"चुडा? आत्ताच? माझा हात न्हाय व्हायचा, आक्का."

आक्कांनी हात पदराला पुसले आणि तशाच उभ्या राहिल्या. पाणी वाहत होतं. भाविकानं दुसऱ्या हातानं त्यांचं बोट धरलं.

"तुम्ही काढा ना, आक्का. मला चालेल."

धारेखालीच एकेक बांगडी आक्कांनी पुढे सरकवली. एकही वाढवावी लागली नाही. मग धुतलेलं सुती फडकं हातावर सैल घातलं, आणि लडकू तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला.

हातावर नवी गुलाबी कातडी आली तेव्हा सासू-सुना आक्कांच्या दारात आल्या. भाविकाच्या रुमालात बांगड्या होत्या.

"ज्यांनी उतरवल्या त्यांनीच भरायच्या म्हनते ही," कमळ म्हणाली.

"येडी का काय? एखादी सवाशीण बघ की."

"मीच हाय की सवाशीण. पन माझं ऐकते कोन?"

आक्का परातीपुढून उठल्या, हाताचं पीठ धुतलं, चांगलं कोरडं केलं. मग भाविकाचा हात मांडीवर घेऊन हळूच म्हणाल्या,

"मूठ सैल सोड, बाय."