तीन पेल्यांचा तक्ता

आईचा न्यूमोनिया उतरला, पण जाताना तिला अर्धी करून गेला. आयसीयूमधून वॉर्डात आणली तेव्हा तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या आणि खोकायलाही तिला दम पुरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "आता अंगात ताकद यायला हवी. ताकद आली तर खोकतील, खोकल्या तर छाती साफ राहील. नाहीतर पुन्हा तेच." म्हणजे सगळं एका प्रोटीन पावडरच्या डब्यावर येऊन ठेपलं.

पेलाभर कोमट पाण्यात मापाचे सहा चमचे, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळायचं, दिवसातून तीनदा. आहाराच्या मॅडमनी पलंगाच्या पायथ्याशी एक तक्ता अडकवला. पेला संपला की त्यावर मी बरोबरची खूण करायची. "नाही गेलं तर नाकातून नळी टाकावी लागेल," हे त्या आईसमोरच बोलून गेल्या. मला त्यांचा तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो. शेजारच्या पलंगावरच्या बाईला तशीच नळी होती. आई दिवसभर तिच्याकडेच बघत असायची.

पहिला घोट घेऊन आईने तोंड वाकडं केलं. "हे लहान लेकराचं दूध काहून पाजून राहिली मले?"

जन्मभर भाकर आणि झणझणीत झुणका खाल्लेली बाई, तिला व्हॅनिलाचा वास कुठून सोसणार? पण मी आवाज चढवला. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं. माझी सुट्टी संपली होती. सकाळी पेला ढवळून शहराबाहेर मिहानमधलं ऑफिस गाठायचं, संध्याकाळी परत येऊन पुन्हा पेला ढवळायचा. डोकं ठिकाणावर नव्हतं. दिवसभर तिच्याजवळ बाबा बसायचे. कळमेश्वरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशांचे, एका शब्दाच्या जागी अर्धाच बोलणारे. दुपारचा पेला त्यांच्यावर सोपवला होता. मी आले की ते मान हलवायचे आणि मी दुपारची खूण करायचे.

तक्ता छान भरत गेला. आई मात्र भरत नव्हती. भरले ते बाबा. वाडीहून मामा भेटायला आला तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "भाऊजी, तुम्हाले तं दवाखाना मानवला जी!" आम्ही सगळे हसलो. आईही हसली आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली.

पाचव्या की सहाव्या दिवशीची गोष्ट. संध्याकाळचा पेला ढवळून टेबलावर ठेवला आणि मी खाली औषधं आणायला गेले. परतले तर पेला रिकामा. आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. बाबा स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसलेले, आणि मिशीवर पांढरा फेस.

आता खरं ते सांगते. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आई आयुष्यात कधी बाबांच्या आधी जेवली नाही. सायीची वाटी, शेवटची पुरणपोळी, जे काही चांगलं असेल ते "तुम्ही घ्या, मले नाही जात" म्हणत ती त्यांच्या ताटात सरकवायची. आणि तिने पुढे केलेलं बाबांनी कधी मागे सारलं नाही. त्या दोघांच्या संसारात प्रेम म्हणून जे काही होतं, ते एवढंच. मी बाबांच्या मिशीकडे पाहिलं, पेन काढलं आणि तक्त्यावर बरोबरची खूण केली. खूण केली नसती तर नळी आली असती. दोन दिवसांत घरी सोडतील, असं सिस्टर म्हणाली होती. आणि मी थकले होते, अगदी पार थकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तक्ता बघत बराच वेळ उभे राहिले. "पेले तर सगळे जाताहेत. मग वजन का उतरतंय? नक्की घेताहेत ना?"

बाबा फरशीकडे बघत होते. आई माझ्याकडे. तिचे दोन्ही हात चादरीवर जोडलेले होते.

"हो," मी म्हणाले, "सगळं घेते."

डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. त्यांचे रिपोर्ट यायच्या आधीच तिचा ताप चढला. छातीत कफ दाटला आणि तो बाहेर काढायची ताकद तिच्यात नव्हती. पुन्हा आयसीयू. ज्या नळीला ती एवढी भ्यायली, ती शेवटी लागलीच, आणि तिच्यासोबत आणखी तीन. चौथ्या दिवशी आई गेली. डॉक्टर भले माणूस, माझी समजूत घालायला म्हणाले, "तुम्ही कुठे कमी पडला नाहीत. तक्ताच सांगतो ना." मी मान हलवली, अगदी बाबांसारखी.

बाबा आता माझ्याकडेच राहतात. सकाळी त्यांना पेलाभर दूध देते. ते खिडकीकडे तोंड करून पितात, रुमालाने मिशी दोनदा पुसतात आणि मगच माझ्याकडे वळतात. परवा पुसायचं विसरले. मी ओढणीचं टोक पुढे केलं, तर ते दचकले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नळी नको म्हणे," ते म्हणाले. "तिनंच देल्लं वं पोरी मले. तुह्यापासून लपवलं म्या."

त्यांना वाटतं, त्यांनी मला फसवलं. मी त्यांची मिशी पुसली, पेला उचलला आणि विसळायला घेऊन गेले. मला तेव्हाच कळलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.