भूतकाळाची खुर्ची

खुर्चीकाकूंच्या खोलीतून कोणी पुटपुटत असल्याचा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा काकांना वाटलं, झालं, आता हिला देवाचं वेड लागलं. या वयात लागतं म्हणतात. हातातला झारा तसाच घेऊन ते दाराशी गेले, तर बाई नेहमीच्या बुटक्या स्टुलावर बसलेल्या, पुढ्यात बैठक उसवलेली खुर्ची, तोंडाने चाललेलं, "आब्लो, आब्लास, आब्ला."

"कुठलं स्तोत्र हे?" काकांनी विचारलं.

"स्तोत्र नाही, क्रियापद आहे. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो. स्पॅनिश."

आता बोला! ज्या बाईने जन्मभर वेताच्या खुर्च्या विणल्या, जिला दुकानाची पाटी वाचायलासुद्धा चष्मा शोधावा लागतो, ती साठी उलटल्यावर स्पॅनिश शिकणार. काकांनी उभा जन्म कारखान्याच्या उपाहारगृहात रश्शाची पातेली ढवळण्यात काढला होता आणि निवृत्त झाल्यावर घरचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. तोंडाने मात्र ते कधी निवृत्त झाले नाहीत. म्हणाले, "बरं आहे. मराठीत भांडून कंटाळा आला होता, आता नवीन भाषेत भांडू."

काकू हसल्या नाहीत. तेव्हा काकांनी झारा खाली ठेवला, कारण ही गंमत नाही हे त्यांना कळलं. कशामुळे चाललंय तेही कळलं.

त्यांची लेक परदेशी राहायची. जावई स्पॅनिश बोलणारा. माणूस सोन्यासारखा, पण मराठीचा गंध नाही. लेकीची नोकरी सकाळची नि रात्रीची, पोर वाढली बापाच्या हाताखाली, त्यामुळे नातीच्या तोंडी मराठी आलंच नाही. नात तीन वर्षांची असताना लेक तिला घेऊन आली होती. एके दिवशी कसल्याशा कागदपत्रांसाठी लेकीला दिवसभर बाहेर जावं लागलं. फोन त्या कचेरीच्या दारातच काढून घेतलेला. आणि इकडे पोरीने जे रडायला सुरुवात केली! तेच तेच शब्द पुन्हापुन्हा म्हणायची, हुंदके द्यायची. काकूंनी लिमलेटची गोळी दिली, गाणं म्हटलं, खिडकीतून कबुतरं दाखवली. पोर काही थांबेना. शेवटी काकूंचा धीर सुटला. "पुरे झाली नाटकं!" म्हणून त्या खेकसल्या. पोर टेबलाखाली जाऊन बसली आणि तिने तोंडच मिटून घेतलं. संध्याकाळी लेक आली तेव्हा अंगात सणसणून ताप, आणि केसांखाली झाकलेला कान आतून फुटलेला. दिवसभर पोर कान दुखतो म्हणून सांगत होती. घरात दोन मोठी माणसं होती आणि एकालाही कळलं नाही.

लेक भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त जाताना दारात म्हणाली, "पुढच्या वेळी मी एकटीच येईन."

ते वाक्य काकूंच्या काळजात रुतून बसलं. काकांनीही मनाला लावून घेतलं, पण त्यांनी चार दिवस मीठ जास्त टाकलं नि मग त्यांचं भागलं. काकूंचं भागलं नाही.

वरच्या मजल्यावर एक भाषांतरकार बाई राहायच्या. यंत्रांची माहितीपत्रकं स्पॅनिशमधून मराठीत आणायच्या, 'झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा' असली. त्यांच्या जेवणाच्या खुर्च्यांचा वेत झिजून भोकं पडली होती. काकू सरळ वर गेल्या नि म्हणाल्या, "खुर्च्या मी विणून देते, तुम्ही मला बोलायला शिकवा." बाई म्हणाल्या, आधी सरळ चालणारी क्रियापदं घेऊ. म्हणजे ज्यांचं मूळ हलत नाही, फक्त शेपूट बदलतं. वाकडी चालणारी मागाहून. काकूंना हे एकदम पटलं. वेताचंही तसंच, आधी सरळ पट्ट्या, गाठी असलेल्या नंतर.

पण पाठ काही होईना. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, प्रत्येकाचं शेपूट वेगळं. काळ बदलला की सगळी शेपटं पुन्हा नवी! काकू ओट्याशी घोकायच्या, झोपताना घोकायच्या, सकाळी पाटी कोरी. "माझ्या डोक्यात भुसा भरलाय," म्हणून एकदा त्या रडल्याच. काका म्हणाले, "अगं, भुसा तरी टिकतो. तुझ्या डोक्यात वारा आहे."

घोडं अडलं ते सुटलं कामावर बसल्यावर. वेताची बैठक विणायची म्हणजे सहा फेऱ्या. भिजवून मऊ केलेली पट्टी आधी उभी ओवायची, मग आडवी, मग पुन्हा उभी, मग पुन्हा आडवी, पण आता आधीच्या पट्ट्यांच्या खालून-वरून गुंफत, आणि शेवटी दोन तिरप्या, एक इकडून, एक तिकडून. सहा फेऱ्या नि सहा माणसं! काकूंनी पहिली उभी फेरी 'मी'ला दिली, आडवी 'तू'ला. "मी उभी आणि तुम्ही आडवे," त्या काकांना म्हणाल्या, "आपल्या घरातलंच आहे, विसरणार कशी?" तिरप्या दोन गेल्या 'तुम्ही' आणि 'ते' यांना, कारण परकी माणसं तिरपीच वागतात असं काकूंचं म्हणणं. एकेका पट्टीला एकेक शब्द. पट्टी चौकटीच्या भोकातून वर आली की 'आब्लो', खाली गेली की पुन्हा 'आब्लो', फेरी संपेपर्यंत. बैठक भरली की क्रियापद भरलं.

मग त्यांनी खुर्च्याच वाटून टाकल्या. एक खुर्ची वर्तमानकाळाची, एक भविष्याची, एक 'असं झालं असतं तर'ची. बाई खाली येऊन बघायच्या नि पोट धरून हसायच्या. त्यांच्याकडे पाहुणे आले की सांगायच्या, "त्या खुर्चीवर बसा, ती भविष्यकाळाची आहे." पण काकूंचं काम बघताना त्यांचाही हात नकळत बैठकीवर फिरायचा. इतकी घट्ट वीण होती की टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजावी. एकदा भविष्याच्या खुर्चीत काकू 'आम्ही'च्या फेरीला वर्तमानाचं शेपूट लावून बसल्या. अख्खी फेरी विणून झाली, मग लक्षात आलं. सगळी उसवली.

"अगं, वेताला काय कळतंय?" काका ओरडले. "कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसतंय ना."

काकांनी पट्ट्या भिजत घालायला पाण्याची बादली भरून दिली. आतून मात्र त्यांची छाती फुगली होती. ही बाई आपल्या वाट्याला कशी आली, असं त्यांना अधूनमधून वाटायचं. तोंडाने कबूल करायचा प्रश्नच नव्हता.

एक गोष्ट मात्र काकांच्या ध्यानात आली होती. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "मी खातो, हे कसं म्हणायचं?" तर काकू गप्प. डोळे मिटले, ओठ हलले, शब्द येईना. मग मांडीवर बोटं चालायला लागली, उभी पट्टी, आडवी पट्टी, आणि शब्द आला. हातात वेत असेल तर ही बाई धबधब्यासारखी बोलायची, हात रिकामे असले की दातखीळ.

भूतकाळाची खुर्ची तेवढी राहून गेली. तिच्यासाठी काकूंनी क्रियापद घेतलं होतं 'ऐकणे'. पहिली फेरी व्हायची, 'एस्कुचे', मी ऐकलं. दुसरी सुरू व्हायची, 'एस्कुचास्ते', तू ऐकलंस. तिथे हात थांबायचा. "वेत चांगला नाही आला," म्हणून त्या उसवून टाकायच्या. वेत चांगलाच होता, काकांनी बघितला होता. त्यांनी विचारलं नाही.

आणि मग फोन आला. लेकीला पुन्हा दिवस गेले होते, डॉक्टरांनी अंथरुणाला खिळवून ठेवलं होतं, जावयाला कामावरून लांबची सुट्टी मिळत नव्हती. नातीला कुठे ठेवायचं? जावयाची आई गावी होती, तयार होती. लेक तेच सांगत होती. काकूंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "आठवडाभर माझ्याकडे ठेव," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर खुशाल तिकडे पाठव. मी पुन्हा शब्द काढणार नाही." मग लेक म्हणाली, "आई, ती अजून तुमच्या घराचं नाव काढलं की कानावर हात ठेवते." आणि मग, "बरं. एक आठवडा."

जावई पोरीला सोडून दुपारच्या विमानाने परत गेला. नात आता सहा वर्षांची, सडसडीत, बापाचे डोळे. तिने घर बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि तडक त्याच टेबलाखाली जाऊन बसली.

काकू पदर खोचून तयार होत्या. वाक्यं आठवडाभर घोकलेली. त्या टेबलापाशी वाकल्या, तोंड उघडलं, आणि कसलं काय! एक शब्द फुटेना. "आब..." एवढंच आलं. पोरीने गुडघ्यांत तोंड खुपसलं. काकांनी बटाट्याचं सूप केलं, पाव भाजला. ते सगळं टेबलाखाली सरकवलं तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. काकू भिंतीला टेकून बसल्या.

"लेकीला फोन लावा," त्या म्हणाल्या. "विहीणबाईंकडे पाठवू दे. उगाच पोरीचे हाल नकोत."

काका उठले. फोनकडे गेले नाहीत, कामाच्या खोलीत गेले. भूतकाळाची ती उघडी खुर्ची त्यांनी उचलून आणली, टेबलासमोर ठेवली. बुटकं स्टूल आणलं, भिजलेल्या पट्ट्यांची बादली आणली, पाणी सांडलं, स्वतःलाच शिवी दिली. मग पट्टीचं टोक बायकोच्या बोटांत दिलं.

"मला कशाला आता..."

"गिऱ्हाईक खोळंबलंय," काका म्हणाले. "विण."

सवय ती सवय. पट्टी भोकात गेली, वर आली, ताणली, ती सुटू नये म्हणून भोकात खुंटी ठोकली. तोंड आपोआप सुरू झालं. "एस्कुचे." खाली. "एस्कुचे." वर. आवाज आधी पुटपुटल्यासारखा, मग मोकळा. उभी फेरी सगळी भरली. काकूंनी खुर्ची फिरवली, आडवी पट्टी घेतली, आणि नेहमीप्रमाणे हात थांबला.

टेबलाखालून बारीक आवाज आला, "एस्कुचास्ते."

काका ओट्याशी उभे होते, त्यांनी हळूच गॅस बारीक केला. काकूंनी मान वर केली नाही. पट्टी ओवली. "एस्कुचास्ते," त्या म्हणाल्या. टेबलाखालून खुदकन हसू आलं. उच्चार चुकला असणार. पोरीने तो नीट करून सांगितला, काकूंनी नीट म्हटला. पुढच्या पट्टीला पोर अर्धी बाहेर आली होती. त्याच्या पुढच्या पट्टीला ती खुर्चीच्या पलीकडे बसली होती आणि भोकातून आलेलं टोक स्वतःच खेचत होती. तिसरी फेरी, चौथी फेरी, दोघी एका सुरात. 'ते'च्या तिरप्या फेरीला तर पोरीने असा हेल काढला की काकांना हसू दाबायला सूप ढवळावं लागलं. ढवळायची काही गरज नव्हती.

शेवटची पट्टी ओढून झाली. पोरीने बैठकीवर तळहात ठेवला, थोपटलं. वाजली. मग ती काकूंकडे बघत राहिली आणि तिने हळूच आपल्या उजव्या कानावरचे केस बाजूला केले.

"योरे," ती म्हणाली, म्हणजे मी रडले. मग बोट काकूंकडे. "तू नो एस्कुचास्ते."

काकूंना शब्द शोधावा लागला नाही. दोन्ही शेपटं त्यांच्या हातातून गेलेली होती, कितीदा विणलेली नि कितीदा उसवलेली. काकांना वाटलं, आता ही उठून जाईल. त्या उठल्या नाहीत. खुर्चीच्या चौकटीला घट्ट धरून, पोरीच्या डोळ्यांत बघत त्या म्हणाल्या, "नो. नो एस्कुचे."

पोर उठली. मग ती खुर्चीला वळसा घालून आली, काकूंच्या मांडीवर चढली नि आपला कान त्यांच्या तोंडापाशी नेला, मोठी माणसं फुंकर घालतात ना, तसं करून घ्यायला. काकूंनी फुंकर घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण फुंकर काही थांबली नाही.

काका झारा घेऊन तसेच उभे. एवढं वर्षभर ऐकूनही त्यांना स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं.

"काय म्हणाली गं ती?" त्यांनी शेवटी विचारलं.

"खरं तेच म्हणाली," काकू म्हणाल्या. "सूप वाढा. तिला भूक लागली असेल."